सुमंत आला तरी दार उघडू नकोस

दीपश्री,
तुला झोप लागली होती म्हणून उठवलं नाही. नवं कुलूप आणायला सुभाष रोडला जाते. जुन्याची किल्ली सुमंतकडे आहे, म्हणून उठल्याबरोबर आतून कडी लाव. अंबील गाळून ठेवली आहे, सिरिंजने हळूहळू घे. उलटी आलीच तर जबड्याच्या तारा कापायची पकड उशाशी आहे.

सकाळी त्याचा फोन आला, “आई, पेढे घेऊन येतो.” तुझं तोंड बांधलेलं आहे, हेही त्याच्या ध्यानात नाही. त्याचे अप्पाही मारल्यावर पेढेच आणायचे. मी दर वेळी दार उघडलं.

दवाखान्यात ‘न्हाणीत पडली’ असं मीच सांगितलं, चुकलं माझं. उद्या तपासणीला डॉक्टरांना खरं लिहून दे, मी खाली सही करीन.

तो रडेल. माझाच मुलगा आहे, मला ठाऊक आहे. तरी उघडू नकोस.

— आई