चारही चाकं धरतात

१२ जुलै, रविवार

गाडी पुन्हा धरतेय, ब्रेक सुटतच नाहीत! धान्याच्या कोठारापर्यंत बरी गेली. परत येताना चढावर अशी जड झाली, जणू मागे नांगर बांधलाय. उतरून चाकाला हात लावला, चटकाच बसला. चारही चाकं तशीच. लायनर जळल्याचा वास.

एक तारखेला मळणीच्या सणाची मिरवणूक. आमची हिरवी गाडी पुढे नाही अशी मिरवणूक या गावाने पाहिलेली नाही. माझा नवरा डेल गेल्यावरही मी एकटीने नेली. यंदा नाही जमलं तर पुढचा मान ऑरिनच्या ट्रकचा. ते काही मी होऊ देणार नाही.

१४ जुलै

मागच्या चाकांच्या स्प्रिंगा ढिल्या वाटल्या, बदलल्या. चारही चाकांचे ब्रेक थोडे सैल केले. ऑरिन आला, ड्रम पुसून दिले, माझी कडू कॉफी मुकाट्याने प्यायला. एरवी किती टोमणे मारतो! जाताना म्हणाला, एकदा पेडलकडेही बघ. तापतायत चाकं आणि बघू पेडलकडे? मी हसले.

नटांवर अजून लाल रेघ मारलेली नाही. माझी जुनी सवय – नट पक्का बसला की त्याच्यावरून खाली लोखंडापर्यंत नेलपॉलिशची एक रेघ. नट हलला तर रेघ तुटते, लगेच कळतं. पण आधी रस्त्यावर चालवून बघायचं, मगच रेघ. नखांना मी ते जन्मात लावलं नाही. डेल म्हणायचा, बायकोपेक्षा गाडी नटते.

१५ जुलै

काडीचा फरक नाही.

१८ जुलै

आज डोकं चाललं. तापलेली गाडी तशीच अंगणात आणली आणि एका चाकामागचा, हवा काढायचा स्क्रू सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं! म्हणजे स्प्रिंगांचा दोष नाही, दाबच आत अडकून राहतोय. एका चाकाचा पाइप बुजला असता तर एकच चाक धरलं असतं. चारही धरतात, म्हणजे खोट चौघांच्या मुळाशी. मास्टर सिलिंडर, चारही चाकांकडे ऑइल ढकलणारा.

तो फेब्रुवारीत ऑरिनने बसवला. मी खोकल्याने अंथरुणात होते.

१९ जुलै

गाडीखाली शिरले. चष्मा स्वयंपाकघरात राहिला, बोटांनीच चाचपलं. पेडल दाबलं की आधी थोडं रिकामं जायला हवं. इथे ते जराही नाही! पेडलपासून सिलिंडरकडे जाणारा दांडा इतका लांब करून ठेवलाय की आतला पिस्टन पुरता मागे येतच नाही. ऑइलला परतायला वाट नाही. तापलं की फुगतं आणि चाकं आवळतं.

नवशिक्याची चूक. पण ऑरिन नवशिका नाही. आणि "पेडलकडे बघ" – त्याला कसं ठाऊक? मला इतका वेळ स्प्रिंगा बदलत बसू दिलं!

दांडा आखूड केला, नट आवळला. रेघ मिरवणुकीनंतर.

२० जुलै

पर्लच्या हॉटेलात सकाळी सगळे असतात. सगळ्यांसमोर विचारलं. "ट्रक पुढे न्यायचा होता तर तोंडाने मागायचास, ऑरिन. माझ्या ब्रेकला कशाला हात लावलास?"

त्याने कप बशीत फिरवला. माझ्याकडे बघितलं.

"हो, वर्ना. मीच केलं."

बस, एवढंच. माफी नाही, कारण नाही. टोपी घेतली आणि निघून गेला. ताटलीतला अर्धा केक तसाच राहिला.

डेलच्या शवपेटीला खांदा दिलेला माणूस. मला तो ओरडला असता, भांडला असता तरी चाललं असतं. घरी येऊन मी गाडीत बसून रडले. फार लागलंय.

२६ जुलै

ट्रूडीचा फोन. तिला ऑरिनचं सगळं सांगितलं. म्हणे, "आई, हे तू कालही सांगितलंस." मग म्हणे, ऑरिनकाकांशी भांडू नकोस, मी पुढच्या आठवड्यात येते, आपण बोलू. काय बोलायचंय? पोटची पोरही त्याच्याच बाजूची!

१ ऑगस्ट

मिरवणूक झाली. गाडी काय चालली! शेवटी हात लावला, चाकं कोमट. ऑरिनने ट्रक आणलाच नव्हता. पशुखाद्याच्या दुकानापाशी उभा होता. मी जवळून गेले तेव्हा त्याने टोपी उंचावली. मी नाक वर करून पुढे गेले.

२ ऑगस्ट

रेघ मारायला गाडीखाली गेले. आज चष्मा होता, दिवा होता.

दांड्याच्या नटावर रेघ आधीच आहे. लाल. अर्धी नटावर, अर्धी दांड्यावर, आणि मी नट फिरवला म्हणून तुटलेली. नट मागे फिरवत तुकडे जुळवले – दांडा पुन्हा तितकाच लांब झाला.

ऑरिन खडूने खुणा करतो. नेलपॉलिशची बाटली माझ्या हत्यारांच्या पेटीत असते, किल्ली माझ्या गळ्यात.

दांडा मीच लांब केला आणि चालवून न बघताच रेघ मारली. कधी, ते आठवत नाही. कितीही आठवलं तरी मला फक्त अंथरूण आणि खोकला आठवतो.

आणि त्याला ठाऊक होतं. सगळ्यांसमोर तो हो म्हणाला.