ऐकू येण्याचा समारंभ

प्रिय पोपटा,

लिहून घेणारी खालच्या मजल्यावरची शिंपीण आहे. ती म्हणते, आजी, जरा हळू सांगा. तिला काय ठाऊक, या घरात हळू बोलायची सवय कधीच मोडली. नातू माझा, तुला फोनवरही सांगितलं असतं, पण तू मध्ये बोलतोस, आणि हल्ली बोलतोस ते सगळं तुझ्या कंपनीचं पाठांतर असतं. पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही. आई फोन का उचलत नाही, कसला राग धरलाय, असं तू विचारलंस. सांगते. आधी तुझ्या समारंभाचं ऐक.

मंडप झकास होता. तुमच्या कारखान्यात झाकणं ठोकणाऱ्या यंत्रांपुढे जन्म काढून बहिरे झालेले म्हातारे पुढच्या रांगेत, आणि त्यांना कानाची मशिनं वाटायला तुमचे मोठे साहेब. भाषण वाटपाच्या आधी ठेवायची अक्कल कोणाची रे, तुझीच ना? एकालाही अक्षर ऐकू येत नव्हतं. साहेबांचे ओठ थांबले की टाळ्या वाजवायच्या, एवढं बिचाऱ्यांना जमलं. साहेब पाणी प्यायला थांबले, तरी टाळ्या. मग तुझ्या आजोबांच्या कानात मशीन बसवलं आणि फोटोवाल्याने त्यांना हसवून हसवून दमवलं. साहेब पुन्हा माइकवर आले, आमच्या कंपनीला नफ्याआधी माणूस दिसतो म्हणाले. आजोबांनी ते पूर्ण ऐकलं, मशीन काढून खिशात टाकलं आणि मला म्हणाले, "बहिरा होतो तेच बरं होतं." तो फोटो काही तुम्ही छापला नाहीत.

यंत्राशी उभ्या राहणाऱ्या बायकांना कानात घालायला रबरी बोळे मिळायचे, ते यंदा बंद केलेत. खर्च वाचवायचा म्हणे. त्यावर तू मला समजावलंस, बोळ्यांचं खातं वेगळं, समाजसेवेचं खातं वेगळं. वा रे शहाण्या! एका हाताने कान फोडायचे, दुसऱ्याने मशीन बसवायचं, आणि या हाताची त्या हाताशी ओळखच नाही म्हणायचं. बोळा कानात गेला की दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, हे तुमचं खरं दुखणं. शिवाय बहिरे संपले तर मंडपात बसवाल कोणाला? बायका आता कानात चिंध्या कोंबतात.

घरचं म्हणशील तर माझी सून सुधारली. परवा भाजी खारट झाली म्हणून टोमणा मारला, तर ती आपली भांडी घासत राहिली. तुझी आई एकाला दोन ऐकवल्याशिवाय राहत नाही, हे तू पाळण्यात असल्यापासून बघतोयस. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी मी तिचं माहेर काढलं. तरी ती गप्प. तेव्हा मात्र मी उठले. तिच्या पाठीमागे उभी राहून हाक मारली, मग ओरडले. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा दचकली, आणि ओट्यापाशीच रडली. कारखान्यात मुकादमाला कळलं तर यंत्रावरून काढून घरी बसवेल म्हणाली. तुला तर सांगायचंच नाही, शपथ घातली. "उद्या मंडपात त्याला मीच बसलेली दिसायला नको."

ती रागावलेली नाही, पोपटा. फोन तिच्या मागे फळीवर वाजून वाजून थांबतो. नंतर तुझं नाव दिसलं की काच पुसते आणि ठेवून देते. परत लावून ऐकणार काय? तू चार अक्षरं पाठवलीस की 'बरी आहे' लिहून मोकळी होते. शपथ मी मोडली. भांडेल माझ्याशी, भांडू दे, मला तेवढंच हवंय. पुढच्या समारंभात मी दोन शब्द बोलावेत म्हणतोस ना, तर हेच बोलणार आहे. त्याआधी पोतंभर बोळे घेऊन ये, फोटोवाल्याला आणू नकोस. आणि आलास की बाहेरून आईला हाका मारत बसू नकोस. आत जा, तिच्या समोर उभा राहा, आणि बोलशील तेव्हा तोंड तिच्याकडे असू दे.

तुझीच,
आजी
(सही म्हणून अंगठा उठवलाय, तो तरी माझा आहे.)