सर्व्हर रूम बंद झाली, सर

सर, आमच्या ऑफिसातली सर्व्हर रूम गेल्या महिन्यात बंद झाली. सगळं क्लाउडवर गेलं, म्हणजे दूर कुठेतरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर. इतकी वर्षं ती खोली मी सांभाळली. आता तिथे पाण्याचे जार ठेवतात. हे काम करून घ्यायला ज्या मॅडम बाहेरून आल्या, त्या म्हणजे तुमच्या माणिकपूरच्या कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या क्लासमध्ये माझ्या शेजारी बसणारी ती. खाडीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी, पाण्याला पानी म्हणणारी. मला ती दुपार अजून दिसते. मी जोडलेली केबल पहिल्याच खेपेला चालली आहे, मी शाबासकीची वाट बघत उभी आहे. तिची चालतच नाही, आणि ती विचारतेय, "सर, पन चालते तेव्हा का चालते?" तुम्ही माझ्या समोरून पुढे जाऊन तिच्या बाकावर बसता. निघताना मला म्हणालात, "तुझं बरोबर आहे गं. पण बरोबर आलं की तू थांबतेस."

शेवटच्या दिवशी आम्ही दोघी त्या खोलीतल्या केबल काढत होतो. ती सहज म्हणाली, "सर वारले ना, त्याच्या आदल्या आठवड्यात हॉस्पिटलातून त्यांचा फोन आलेला. हे क्लाउड काय नवीन निघालंय, मला शिकव म्हणाले. किती वेळ बोलत होते. तुला केलेला ना?"

"केला होता," मी खोटंच म्हटलं.

त्याच आठवड्यात मी हॉस्पिटलात डबा घेऊन आले होते, सर. तुम्ही झोपला होतात. काकू म्हणाल्या, उठवू नको. मी उठवलं नाही.

आमच्यातल्या बऱ्याच जणांना कंपनीने घरी पाठवलं. मी राहिले, कारण तिने वरच्यांना सांगितलं, "हिला ठेवा, शिकेल ती." तिचे उपकारच आहेत. पण तुळिंजला घरी पोहोचेपर्यंत मनात नोकरी नसते, तो फोन असतो. तुम्हाला शिकायचं होतं आणि तुम्ही तिला विचारलंत.

आता रोज जेवणानंतर मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून शिकते. हे पत्र कुठेच टाकायचं नाही, म्हणून सांगते. परवा तिने सांगितलेलं मला लगेच समजलं होतं. तरी म्हटलं, पुन्हा एकदा सांग. समजावताना ती अगदी तुमच्यासारखी बोलते.