चालता न येणाऱ्यांची यादी

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कंपनीचा आणि पालिकेचा करार झाल्याचं पालिकेच्या कारकुनाकडून कळलं. करार लिहिणारा घरचा भाऊ, आणि बहिणीला बातमी बाहेरून! नदी चढली की तुमच्या साबणाच्या गोदामाचा वरचा मजला आमच्या गल्लीला मोकळा, ट्रक तुमचा, भोंगा नि पिण्याचं पाणी पालिकेचं, माणसं आमची. वाटणी बरी आहे.

मला गल्लीप्रमुख नेमलंय. चालता न येणाऱ्यांची यादी मीच घरोघर फिरून केली. पस्तीस वर्षं नर्स होते, दुखणं लपवणारा मला तोंडावरून कळतो. एकोणीस नावं झाली. ट्रकमध्ये वीस मावतात म्हणे, म्हणजे जमलं. गेल्या पुरात शिंप्याची आई माळ्यावर दोन दिवस एकटी बसून होती, म्हणून तिचं नाव पहिलं. रविवारी सराव आहे. मी शिट्टी विकत आणली. तुझी बायको हसेल, हसू दे.

उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू नुसता हं हं करतोस.
तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

सरावाचा अहवाल माझ्या टेबलावर आला. एकोणीसही जण पंचवीस मिनिटांत गोदामाच्या दाराशी पोचले, साहेब खूश आहेत. शेवटी कारकुनाने एक ओळ लिहिली आहे, की गल्लीप्रमुख पंचावन्न मिनिटांनी आल्या, कुलपं तपासत होत्या असं म्हणाल्या.

ताई, गल्लीतून गोदाम दहा मिनिटांवर आहे. आणि कुलपं तपासायचं काम करारात कुणालाच दिलेलं नाही, मीच लिहिलाय तो. मागच्या खेपेला आलो तेव्हा वरच्या खोलीतली चादर तू मला आणायला लावलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. गुडघा किती दिवस दुखतोय? विसावं नाव तुझं घाल. रागावशील, पण रागावलेली बहीण मला परवडेल.

तब्येतीला जप. मुलं आठवण काढतात.
तुझा,
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, पण आज जरा हात आखडूनच.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं दुखतोय गुडघा, झालं समाधान? पण तुझ्याच करारात कलम आहे की गल्लीप्रमुख धडधाकट आणि पायी चालणारा हवा. नाव घातलं की माझं प्रमुखपद गेलं. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारायला येत नव्हतं रे. आता सकाळी दाराशी चार माणसं उभी असतात. हे गेलं तर मी दिवसभर भिंतीकडे बघत बसू का? पाण्यापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते.

तू गुपचूप कलम बदलायला धावशील. बहिणीची सोय म्हणून बदललंस तर याद राख.
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

ते कलम मी इथे पंख्याखाली बसून लिहिलं आणि ते चुकलं. चौकशी केली तेव्हा कळलं, सरावात शिंप्याच्या आईला गोदामाच्या पहारेकऱ्याने वीस मिनिटं बाहेर बसवून ठेवलं, कारण यादी तुझ्याकडे होती आणि दारात तिच्याबद्दल जबाबदारीने सांगणारं कुणीच नव्हतं. ज्याला सगळे ठाऊक, तो यादी घेऊन सगळ्यांच्या आधी तिथे पोचायला हवा. म्हणजे गल्लीप्रमुखाची जागा ट्रकमध्ये, आणि पायी चालण्याची अट रद्द. तसं टिपण साहेबांना आणि पालिकेला पाठवलंय. ही तुझी सोय नाही, माझ्या चुकीची दुरुस्ती आहे.

नाव घालणं मात्र तुझ्या हातात. कुलपाचं निमित्त करून तू एकटी मागे राहिलीस आणि पाणी आलं, हे डोळ्यांपुढून हलत नाही. मला झोप लागत नाही, ताई.

राग गेला असेल तर चार ओळी लिही, नसेल तरी लिही.
धाकटा

३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, मागची थकबाकी धरून.

तुझ्या टिपणावर दोन्हीकडच्या सह्या झाल्याचं कारकुनाने सांगितलं. तरी नाव लिहायला माझा हात धजेना. काल गल्लीची बैठक बोलावली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मला तीन वर्षं धड चालता येत नाही आणि हे मी तुमच्यापासून लपवलं. वाटलं, लोक हसतील. कुणी हसलं नाही.

मग गल्लीतला एक म्हातारा, निवृत्त ड्रायव्हर, हळूच म्हणाला की त्याला अंधार पडला की दिसत नाही. शिंपी म्हणाला, जिना चढताना त्याची छाती भरून येते, आईला कळू नये म्हणून बोलला नव्हता. मग एकेक करत सहा जण झाले. या सहाही जणांच्या घरी मी गेले होते, चहा प्यायले होते आणि त्यांच्या नावांपुढे माझ्या हाताने 'ठीक' लिहिलं होतं. मी माझं लपवलं, त्यांनी त्यांचं. पाणी आलं असतं तर आम्ही सात जण कुलपं तपासत बसलो असतो.

यादी सव्वीसची झाली. एक ट्रक पुरत नाही, दुसरा हवा. साहेबांना सांग, मागताना संकोच करू नकोस. विसावं नाव माझं आहे, शाईने लिहिलंय. आणि नावापुढे हेही टिपून ठेव, की हिला ट्रकमध्ये चढवायला दोन माणसं लागतात.

लोभ आहे तसाच असू दे, वर दुसरा ट्रक पाठव.
तुझी,
ताई