न उघडलेल्या कळ्या

६ जानेवारी २०२५, भाईंदर

संघप्रियाचा फोन. सुभाषच्या हाताखाली शिकलेली. आता संशोधन केंद्रात त्याची मटारची जात तीच पुढे नेतेय. "काकू, सतरा नंबरने यंदाही सगळ्यांना मागे टाकलं! झाडाला शेंगा जास्त, शेंगेत नऊ-नऊ दाणे. आता फक्त डीएनए तपासणी. तुमच्या संकराच्या वहीत लिहिलेत तेच आई-बाप निघाले, की सरांच्या नावाने मंजुरीला पाठवते."

"बरं," म्हटलं. कुकर लावला.

७ जानेवारी

शेजारची हंसाबेन मटार सोलायला येऊन बसली. "सुभाषभाई, आपका मटर मार्केट में कब आएगा? मेरे मरने के बाद?" तो हसला — कित्येक दिवसांनी! आजाराने हात मात्र थरथरतच होते. वाटीतले दाणे सांडले.

९ जानेवारी

लिहून टाकते. इथे तरी.

डिसेंबर २०१०. नीलेशला जाऊन नऊ दिवस झाले होते. आमचा एकुलता एक मुलगा. सुतकात शेतावर गेलो म्हणून लोक बोलले. पण फुलं थांबत नाहीत. मटारचं फूल उमलायच्या आधीच, आतल्या आत, स्वतःच्याच परागाने फळतं. संकर करायचा तर कच्ची कळी उघडून दहाही पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, चिठ्ठी बांधायची. हे काम माझं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेसने भरतकाम करून घेतलं, त्याची ही बोटं! सुभाष सगळ्यांना कौतुकाने सांगायचा.

त्या सकाळी चिमटा हातात धरून नुसती बसून राहिले. मग चाळीस कळ्यांना चिठ्ठ्या बांधल्या. एकही उघडली नाही. वहीत लिहिलं — संकर झाला.

त्याच बियांतून, वर्षानुवर्षं निवडत, हा सतरा नंबर. सुभाषच्या आयुष्यभराच्या कामातलं एवढंच उरलंय.

तपासणीत बाप सापडणारच नाही.

११ जानेवारी

आज सांगायचं होतं. औषध दिलं. नाही सांगितलं.

उत्तनची मासळीवाली सरूबाई बोंबील घेऊन आली. "अशी गप का गं ताई? बरं न्हाय?"

"बरी आहे."

१४ जानेवारी

संक्रांत. त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सांगितलं. सगळं. रडू आलं नाही.

त्याने तिळगूळ तोंडात टाकला. "रिपोर्ट येऊ दे," एवढंच म्हणाला.

१५ जानेवारी

उरलेला तिळगूळ हंसाबेनकडे दिला.

२० जानेवारी

संघप्रियाचा फोन. "काकू, जुळलं! आई-बाप दोन्ही, वहीतलेच!"

"पुन्हा तपास."

"दोनदा तपासलंय, काकू!"

फोन ठेवून त्याच्यासमोर जाऊन बसले. विचारलंसुद्धा नाही.

"त्या दुपारी तुला झोप लागली होती," तो म्हणाला. "नऊ दिवसांत पहिल्यांदा. चिठ्ठ्या बांधलेल्या कळ्या मिटलेल्याच दिसल्या होत्या; मग चिमटा घेऊन मीच गेलो. तुला उठवलं नाही."