नळवाला आणि बाबांचा उत्तररंग

ती. रविकांतमामांस,

आइंडहोव्हनहून संजीवचे साष्टांग नमस्कार. आपला गुडघा काय म्हणतो? लशीचा पहिला डोस झाला, ताप आला नाही, हे आईकडून कळले. इकडे मृदुला आणि मी खुशाल आहोत. नमस्काराचा विषय निघालाच आहे, तर माझा एक नमस्कार नुकताच भलत्या ठिकाणी पडला, ते आधी सांगतो.

एका रविवारी सकाळी पूजा आटोपून दार उघडले, तो उंबऱ्याबाहेरच्या खोक्याला पाय लागला. आत पुस्तकांसारखे काही दिसले, म्हणून सवयीने वाकलो आणि हात लावून कपाळाला लावला. मग चित्र पाहिले. बाईच्या अंगावर परिचारिकेची टोपी होती. (फक्त टोपी.)

खोके शेजारच्या हेंकचे. तो सत्तरीचा, पूर्वी त्याचे कॅसेटी भाड्याने देण्याचे दुकान होते. आपण पाठवलेली बाबांच्या कीर्तनाची कॅसेट चालवायला मी त्याच्याकडे व्हीसीआर मागितला होता. बाबा गेले तेव्हा विमाने बंद, मला खांदाही देता आला नाही. निदान वर्षश्राद्धाला आईला त्यांचा आवाज ऐकवावा, एवढेच मनात होते. हेंकने यंत्राबरोबर 'चालते का बघायला' वीस कॅसेटी दिल्या. उदार माणूस.

खोके परत द्यायला गेलो, तर दीड मीटर अंतरावरून त्याने निरूपणच लावले. म्हणाला, "या जुन्या बघ, खऱ्या फिल्मवर काढलेल्या. गोष्ट असायची, संगीत असायचे. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस आधी नळ दुरुस्त करायचा! मग व्हिडिओ कॅमेरा आला. तोच सोफा, तोच दिवा, दुपारभरात दोन चित्रपट. लोक घरी बसून बटण दाबून पुढे पळवणार, तर गोष्ट लिहायची कुणासाठी? नळ गेला तो गेलाच." त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. मला बाबा आठवले. मामा, आपले व्हिडिओ सेंटर सुरू झाल्यापासून मंडळी पूर्वरंगाला फिरकत नाहीत, थेट उत्तररंगातल्या कथेला उगवतात, असे ते म्हणत. (देवा क्षमा कर, पण दोघांचे दुःख मला एकाच जातीचे वाटले.)

बुधवारी कॅसेट लावली. यंत्राची बटणे समजावायला हेंक बाहेर बागेत, उघड्या खिडकीशी उभा. मृदुलाने टीव्हीसमोर निरांजन लावले. बाबा दिसले, मामा. तोच फेटा, तेच खाकरणे. चाळीस मिनिटे मी हललो नाही. पूर्वरंग संपला, बुक्का लागला, गळ्यात हार पडला, बाबा कथेला तोंड उघडणार तोच पडदा फडफडला आणि हातात पाना घेतलेला एक गोरा माणूस जिना चढू लागला.

"अरे, हा तर नळवाला!" खिडकीतून हेंक ओरडला. "थांब, बंद करू नकोस, हा खरंच दुरुस्त करतो!"

मृदुलाने निरांजन उचलले. "कॅसेट मामांचीच ना?"

"हो."

"काटकसरी आहेत हो."

मामा, मी काही विचारत नाही. तेव्हा कोरी कॅसेट महाग असे, हे मी जाणतो. पण बाबांची कथा गेली ती गेली, आणि आई तर कथेसाठीच थांबली होती. सोळाव्या वर्षी बाबांनी मला कीर्तनात शेजारी उभे केले, तेव्हा मी मागच्या दाराने पळालो होतो. या वेळी पळायला मागे फक्त हेंकची बाग होती. वर्षश्राद्धाला व्हिडिओ कॉलवर बाबांचा पूर्वरंग लावला आणि उत्तररंगाला मी उभा राहिलो. चिपळ्या नव्हत्या, भाताचे दोन लाकडी डाव घेतले. आई शेवटपर्यंत ऐकत होती. डोळे पुसून म्हणाली, "फार घाई केलीस. तुझे बाबा एवढ्या वेळात अजून नगराच्या वेशीवरच असते."

मामींना नमस्कार.

आपला,
संजीव

ता.क. हेंकने खिडकीतून सगळे ऐकले. भाषा कळली नाही, पण गोष्ट होती, असे म्हणाला.

ता.क. दुसरा. आठवण म्हणून आपण नेलेल्या बाबांच्या चिपळ्या पाठवाव्यात. पत्र खरे तर त्यासाठीच. मागणी चौथी आहे.

ता.क. तिसरा. मामी कॅसेट मागत होत्या, बाबांचे कीर्तन पुन्हा बघायचे म्हणून. चिपळ्या येईपर्यंत ठेवून घ्यावी, असे मनात होते; पण बाबांच्या वस्तूंवरून अडवणूक करणे बरे नव्हे. पुढचा भाग पुसलेला नाही, दुसऱ्याच्या वस्तूला आपण का हात लावावा. आज सकाळी पोस्टात टाकली. मामींच्या नावे.