मागे पडणारा दिवा

बंगळुरू

प्रिय माय,

बेसांव दे, तुझा आशीर्वाद असू दे. मी बरी आहे, आता इथलं सांबारही आवडतं. तू औषध घेतेस ना?

आम्ही काडेपेटीएवढ्या, छोटा दिवा असलेल्या वायरलेस यंत्रांना काजव्यांसारखं एकत्र लुकलुकायला शिकवतोय. प्रत्येकाने शेजाऱ्याचं बघून आपला वेग थोडा बदलायचा. एक सारखं मागे पडत होतं. मी ते काढणार, तेवढ्यात बाकीची जरा हळू झाली आणि त्याला सोबत घेऊन लुकलुकू लागली.

तू क्रुसापुढे सगळ्यांबरोबर लदीनची प्रार्थना गायला जात नाहीस, असं आपला रिचर्ड म्हणाला. "दुखण्यापासून माझो आवाज मागे पडता, माका लाज वाटता," असं सांगतेस म्हणे.

या शनिवारी जा. जेसिंतामावशीच्या शेजारी बस आणि मोठ्याने गा. ती नाहीतरी घाईच करते. होऊ दे तिलाच जरा हळू.

तुझी सेलिना